टपावरची जागा

झुंबर भोये माझ्यापेक्षा चांगलं टायपिंग करतो असं कुणी म्हणालं, तर त्याला मी खुळ्यात काढीन. माझा वेग मिनिटाला पंचेचाळीस शब्द, त्याचा जेमतेम तीस. 'प्रतिज्ञापत्र' हा शब्द तो दिवसातून वीसदा टाइप करतो आणि वीसदा वेलांटी चुकवून मागे येतो. तरीही जिल्हा न्यायालयाच्या भिंतीलगत आम्ही जे सात टायपिंगवाले बसतो, त्यांत रांग लागायची ती त्याच्याच टेबलापुढे. माझं टेबल तिसरं, त्याचं चौथं. सीबीएस बसस्थानकाकडून येणाऱ्याला आधी मी दिसतो. माणूस माझ्यासमोर थांबायचा, मी स्टूल पुढे सरकवायचो, आणि तो विचारायचा, "ते झुंबरभाऊ कुठे बसतात?"

मी हनुवटीनं दाखवायचो. तोंडानं सांगायची माझी इच्छा नसायची.

हेवा वाटतो मला त्याचा. लिहूनच टाकतो एकदा. माझी बायको उज्वला म्हणायची, "त्याचं चांगलं झालं की तुमच्या पोटात दुखतं." मी तिला नाही म्हणायचो आणि जेवण अर्धवट टाकून उठायचो. आम्ही मखमलाबादचे, घरी झेंडू आणि कोथिंबीर पिकवणारे. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी, बी.कॉम. झुंबर सुरगाण्याच्या डोंगरातल्या पाड्यावरून आलेला, बारावी पास. आणि वकील होऊ बघणारी निम्मी नाशिकची माणसं सल्ला विचारायची ती त्या बारावी पासाला.

त्याचं असं झालं. वकिलीच्या शिक्षणाला वयाची अट नाही. त्यामुळे बँकेतले कारकून, हवालदार, पोरं मोठी झालेल्या बायका, सगळे एकदा कधीतरी प्रवेश परीक्षा देतात. मध्ये ज्यांची वर्षं गेली त्यांना गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. म्हणजे या काळात मी दुसरीकडे कुठे शिकत नव्हतो, असं शपथेवर लिहून द्यायचं. ते आम्ही टाइप करतो. मी माणसाचं नाव, पत्ता, वर्षं विचारायचो आणि कागद हातात द्यायचो. झुंबर आणखी दोन गोष्टी विचारायचा. "मार्क किती? आणि कुठं भरलंय?" आणि हे तो एका लांबट वहीत उतरवून ठेवायचा.

मी हसायचो तेव्हा. हसणं नंतर बंद झालं.

कारण खरी मेख प्रवेशात आहे. सरकारी फेऱ्यांच्या याद्या सगळ्यांना दिसतात. पण त्या संपल्यावर ज्या जागा उरतात, त्या कॉलेजं स्वतःच्या फेरीत भरतात, आणि आमच्यासारख्या मधल्या गुणांच्या माणसाची सगळी आशा त्या फेरीवर. आमच्याकडे अशी दोन कॉलेजं. एक शहरातलं, एक बाहेरचं. दोघांची फेरी एकाच दिवशी, सकाळी अकराला, मूळ कागदपत्रांसह हजर राहायचं. एक माणूस दोन ठिकाणी उभा राहू शकत नाही. म्हणजे कुठे जायचं ते आधी ठरवा आणि चुकलात तर वर्षभर घरी बसा. ठरवणार कशावरून? दोन्ही कॉलेजं शेवटी एक यादी लावतात, तिच्यात निवडलेल्यांची नुसती नावं. अर्ज किती आले, कुणाला किती गुण, शेवटची जागा कितीला गेली, काही सांगत नाहीत.

ते झुंबरच्या वहीत असायचं. तेही अर्धवटच, कारण गॅपवालेच त्याच्याकडे येणार. पण अर्धवट माहिती असलेला तो एकटाच होता. ज्यांचा नंबर लागायचा ते पेढे घेऊन आपणहून यायचे. ज्यांचा लागायचा नाही ते तोंड लपवायचे. झुंबर त्यांना फोन करायचा. संध्याकाळी सहाला टेबल आवरून बसकडे चालताना एकेकाला. "भोये बोलतोय, टायपिंगवाला. काय झालं हो तुमचं?" लोक पडेल आवाजात सांगायचे, हा "बरं बरं, पुढच्या खेपेला" म्हणायचा आणि रस्त्याच्या कडेला थांबून वहीत टिपून ठेवायचा. मला हे कधी सुचलं नसतं. सुचलं असतं तरी हरलेल्या माणसाला फोन करायची माझी तयारी नव्हती.

शक्यता सांगायची त्याची तऱ्हाही त्याचीच. टक्के, आकडे नाहीत. सुरगाण्याला जाणाऱ्या जिपा कशा भरतात, त्यावर त्याचं सगळं मोजमाप. खूप गुण असतील तर "डायवरशेजारी." चांगले असतील तर "मधल्या सीटवर." काठावरच्याला "लटकून." काहीच आशा नसेल तर "तुम्ही पुढच्या जिपेनं या." माणसं खदाखदा हसायची आणि ऐकायची. परवा परवा जो इथे गॅपचं प्रतिज्ञापत्र करायला आला होता, तो आता काळा कोट घालून आमच्यासमोरून जाताना झुंबरला "गुरुजी" म्हणून हात करतो. मला तो ओळखत नाही. त्याचे सगळे भाडेकरार मी टाइप केलेत.

आता माझं सांगतो. मलाही वकील व्हायचं होतं.

तेवीस वर्षं मी दुसऱ्यांचे दावे, कैफियती, अर्ज टाइप केले. कित्येक वकिलांच्या चुका मी गुपचूप सुधारल्या आणि त्यांनी कोर्टात त्या माझ्या वाक्यांवर शाबासकी घेतली. पंचेचाळिसाव्या वर्षी मी परीक्षा दिली. एकसष्ट गुण पडले. उज्वलाशिवाय कुणालाही सांगितलं नाही. माझं गॅपचं प्रतिज्ञापत्र मीच टाइप केलं आणि नोटरीसाठी मुद्दाम नाशिकरोडला गेलो, कारण आमच्या इथल्या नोटरीकडे गेलो असतो तर चहाच्या आत झुंबरला कळलं असतं.

सरकारी फेऱ्यांत नाव आलं नाही. उरली कॉलेजांची फेरी. मला शहरातलं कॉलेज हवं होतं, कोर्टापासून चालत दहा मिनिटं. तिथल्या खिडकीवर जाऊन विचारलं, मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश कितीला झाला? खिडकीतल्या बाई म्हणाल्या, "ते गोपनीय असतं." बाहेरच्या कॉलेजातही तेच. मग मी माहिती अधिकाराचा अर्ज केला. असे अर्ज मी लोकांना शेकड्यांनी टाइप करून देतो, माझा अर्ज तर नमुना म्हणून लावावा असा होता. महिन्यानं उत्तर आलं: माहिती त्रयस्थ व्यक्तींची असल्याने देता येत नाही. दोन दिवस मी शहरातल्या कॉलेजच्या फाटकासमोर रसवंतीच्या बाकड्यावर बसून आत जाणारी माणसं मोजली. कोण अर्ज भरायला जातंय आणि कोण आत शिकतंय, हेच कळेना. रस पिऊन पिऊन घसा बसला.

"झुंबरभाऊंना विचारा ना," उज्वला म्हणाली.

"त्याला? मी?"

"मग बसा रस पीत."

शेवटी फेरीच्या आदल्या दिवशी विचारलं. पण माझ्यासाठी नाही. म्हणालो, "झुंबरभाऊ, आमचे एक मेव्हणे आहेत. एकसष्ट गुण. शहरातलं की बाहेरचं?"

झुंबरनं लगेच वही काढली. चष्मा कपाळावर चढवून बोट फिरवलं. "मेव्हणे का? बसा ना." बराच वेळ वाचत राहिला. मग म्हणाला, "शहरातल्यात टपावर. बाहेरच्यात लटकून. मी असतो तर शहरातल्यात गेलो असतो."

टपावर! मधल्या सीटवर नाही, लटकूनही नाही, टपावर. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. हा शब्द त्याच्या तोंडून मी फारसा ऐकला नव्हता, पण त्यात ऐकण्यासारखं काय होतं? जिपेत जागा नाही, दाराला लटकायलाही जागा नाही, तेव्हा माणूस टपावर चढतो. म्हणजे लटकण्याच्याही खालचं. आणि वर तिकडेच जा असा सल्ला! माझ्या मनात आलं, याला कळलंय मेव्हणे कोण ते. हा मला खड्ड्यात घालतोय. नीट विचारायचं तर एका वाक्याचं काम होतं. पण विचारलं असतं तर काळजी दिसली असती, आणि काळजी दिसली असती तर मेव्हणा गळून पडला असता. मी "बरं" म्हणून माझ्या टेबलावर आलो.

मी बाहेरच्या कॉलेजात गेलो. सहा जागा होत्या. मी आठवा आलो.

दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर एक हवालदार पेढ्यांचा बॉक्स घेऊन झुंबरसमोर उभा. शहरातल्या कॉलेजात त्याचा नंबर लागला होता. "पंचावन्नला लागला, भाऊ! पंचावन्नला!" असं ओरडून सांगत त्यानं मलाही पेढा दिला. मी एकसष्टवाला तो पेढा हातात धरून बसलो. मग कागदात गुंडाळून ड्रॉवरमध्ये टाकला.

संध्याकाळी मी घरी पोचतोय तोच फोन वाजला. "वाल्मीकभाऊ, भोये बोलतोय. मेव्हण्याचं काय झालं?"

मला वाटलं, माझी फजिती मोजायला याने फोन केलाय. मी म्हणालो, "लागला. बाहेरच्याच कॉलेजात गेला होता, तिथंच लागला. तुमचं लटकून चुकलं या वेळी."

"एकसष्टला? लय भारी झालं!" त्याचा आवाज खरंच उजळला. "चुकलं तर चुकलं. लिवून ठेवतो. बाहेरच्या कॉलेजाचं आपल्याकडं लय कमी हाय."

फोन ठेवल्यावर मला फार बरं वाटलं. ते बरं वाटणं आठवडाभर टिकलं.

थंडीत एकदा आम्ही टपरीवर चहा पीत होतो. गिऱ्हाईक नव्हतं. त्याला जरा टोचावं म्हणून मी विचारलं, "काय हो, तुमच्या त्या टपावरच्यांचं शेवटी काय होतं? खाली पडतात का?"

झुंबर हसला. "तुम्ही आमच्या जिपेला कधी बसले नाय वाटतं. टपावरचा तर पक्का. एकदा वर चढला का गाव येईपर्यंत त्याला कोण उतरवत नाय. गैरसोय हाय, वारा लागतो, पण पोचतो. लटकलेल्याचं काय खरं नाय. घाट लागला का डायवर म्हणतो उतरा, चढ चालत या. वर जाऊन थांबला तर थांबला, नायतर ऱ्हायला तो."

मी कप खाली ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला कळलं की त्यानं मला खरं तेच सांगितलं होतं. आणि कळल्यावर राग गेला असेल असं कुणाला वाटत असेल तर तसं काही झालं नाही. उलट वाढला. तो चुकला असता, लबाड निघाला असता, तर मी सुटलो असतो. वहीतली मेव्हण्याची नोंद खोटी आहे, एवढं तिथल्या तिथे सांगायचं होतं. पण मग मेव्हणा नाही, मीच होतो, मला तुमच्या जिपेचा टप कळला नाही, मी तुमच्यावर संशय घेतला, मी खोटं बोललो, हे सगळं एका घोटात सांगावं लागलं असतं. मी चहा संपवला.

पुढच्या वर्षी मी पुन्हा परीक्षा दिली. या खेपेला अठ्ठावन्न. वय वाढतं तसे गुण कमी होतात, दुसरं काय. फेरीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, झुंबरकडे एक बाई आली. सुवर्णा नावाची, मूळची कळवणची, अंबडच्या एका कारखान्यात ऑफिसात होती. सात वर्षांची गॅप. तिच्या बोलण्यावरून कळत होतं की घरात ही शेवटची परवानगी आहे. "या वर्षी नाही झालं तर सासरे म्हणतात विषय बंद," ती म्हणाली. "एकसष्ट आहेत, काका."

माझी बोटं कीबोर्डवर होती. मी एका वारस दाखल्याचा अर्ज टाइप करत होतो.

"शहरातल्यात टपावर हाय तुम्ही," झुंबर म्हणाला आणि शहाण्यासारखं तिला टपावर म्हणजे काय तेही सांगितलं. माझ्या वेळी सांगितलं नव्हतं.

"पण काका, शहरातलं दुपारपर्यंत असतं. नोकरी सोडावी लागेल. बाहेरचं सकाळचं आहे, तिथून मी साडेदहाला अंबडला पोचते. बाहेरच्यात काही आशा?"

झुंबरनं पान उलटलं. त्याचं बोट एका ओळीवर थांबलं. ती ओळ कोणती, ते मला माझ्या टेबलावरून न बघता माहीत होतं. "थांबा. मागच्या साली एकसष्टवाल्याचा लागलाय तिथं. आमच्या वाल्मीकभाऊंचे मेव्हणेच." त्यानं माझ्याकडे बघितलं. "नाय का हो?"

ती बाईही वळून माझ्याकडे बघू लागली.

त्या क्षणी माझ्या डोक्यात काय आलं ते मी लपवत नाही. ही शहरातल्या कॉलेजात आली, तर अठ्ठावन्नवाला मी तिच्या मागे. ही बाहेर गेली, तर मी एक पायरी वर. आणि दुसरं आलं ते असं की, झुंबरचं या बाईसमोर चुकू दे. एकदा तरी चुकू दे.

"हो," मी म्हणालो. "लागला की."

"मग मधल्या सीटवर बसा, ताई," झुंबर म्हणाला. "जावा बाहेरच्यात."

शहरातल्या कॉलेजात नऊ जागा होत्या. नववं नाव माझं. त्याच संध्याकाळी झुंबर टेबल आवरत होता आणि मी मुद्दाम रेंगाळलो. त्यानं बसकडे जाण्याची वाट बघितली नाही, तिथूनच सुवर्णाला फोन लावला. मी वायरी गुंडाळत होतो. तो "भोये बोलतोय" म्हणाला. मग तिकडचं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "ताई, चूक माझी झाली. एकाच आकड्यावर मी तुम्हाला पाठवलं. तुमचं काय चुकलं नाय. सासऱ्यांना फोन द्या, मी बोलतो." तिनं दिला नसावा. त्यानं फोन खिशात ठेवला आणि वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी माझी बातमी सगळ्यांना कळली. झुंबरनंच पेढे आणले. आपल्या हातानं एक माझ्या तोंडात घातला. "सांगायचं ना भाऊ! तुमचं गॅपचं मी केलं असतं. आपल्या भिंतीचा पहिला वकील!" डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. नाटकी नव्हतं, तेच तर मला सोसवत नव्हतं. मेव्हण्याचं त्यानं काही विचारलं नाही. त्याला त्यातलं काही कळलं असेल का, हे मी अजून सांगू शकत नाही.

त्यानंतर त्यानं सांगणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणतो, "मी बारावी पास माणूस, मला काय कळतंय. वाल्मीकभाऊंना विचारा, ते आत जाऊन आलेत." मग माणसं मागे फिरतात आणि माझ्या टेबलापुढे स्टूलवर बसतात. इतकी वर्षं मला जे हवं होतं ते सगळं झालं. रांग माझ्यापुढे आहे. दुपारी कॉलेज करून मी येतो तेव्हा दोन-तीन माणसं वाट बघत असतात.

या जूनला त्यानं वहीसुद्धा दिली. "तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. मला नको आता," म्हणाला. घरी नेऊन मी ती उघडली. उज्वला शेजारी होती, तिला सगळं माहीत आहे. ती हल्ली या विषयावर बोलत नाही. झुंबरचं अक्षर मोठं आणि सुटं. माझी ओळ सापडली: 'वाल्मीकभाऊंचे मेव्हणे, ६१, बाहेर, लागला.' दोन पानं पुढे सुवर्णा, ६१, बाहेर, नाही. आणि तिच्या ओळीपुढे समासात त्यानं लिहिलंय, 'चूक माझी. झुंबर.'

मी पेन घेऊन बसलो. 'झुंबर' खोडून तिथे माझं नाव लिहायचं, एवढंच काम होतं. पेनच्या टोकावरची शाई वाळली, मी काही न लिहिता टोपण लावलं. खरं सांगतो, त्या ओळीकडे बघतानाही मला त्याचा हेवाच वाटला.